वाढपट्टीची झोप

पडद्यावर गुडघा सावकाश फिरत होता आणि हेमलता कोरके मनातल्या मनात मोजत होती. हाडं तीन : मांडीचं, नडगीचं आणि वाटी. हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या गाद्या दोन, दोन्ही शाबूत. अस्थिबंध चार असायला हवेत. बाहेरच्या बाजूला एक होता, आतल्या बाजूला एक होता, मध्यभागी मागे एक होता. मध्यभागी पुढे, जिथे चौथा हवा, तिथे तुटलेल्या सुताच्या टोकासारखं काहीतरी विस्कटलेलं होतं. म्हणजे तीन. शिवाय मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ आणि नडगीच्या वरच्या टोकाजवळ एकेक बारीक, नागमोडी रेघ. त्या दोन.

"या रेघा बघून बरेच पालक घाबरतात," डॉ. टेंभे म्हणाल्या. "त्यांना वाटतं, हाडाला भेग पडली. तसं काही—"

"वाढपट्ट्या," हेमलता चटकन म्हणाली. "मी विज्ञान शिकवते. आठवी ते दहावी."

"अरे वा! मग माझं काम सोपं झालं."

शेजारी बसलेल्या भारतने बायकोकडे कौतुकाने पाहिलं. तो वीज कंपनीत लाइनमन होता. खांबावर चढताना त्याचा हात कधी कापला नव्हता, पण दवाखान्यात आला की तो खुर्चीच्या कडेवर बसायचा. मधल्या खुर्चीत नंदू होती. पूर्ण नाव राजनंदिनी, वय बारा, बार्शीच्या शाळेच्या खो-खो संघातली सगळ्यात हुकमी संरक्षक. आठ दिवसांपूर्वी सरावात पाठलाग करणारीला हुलकावणी द्यायला ती जागच्या जागी वळली. बूट मातीत रुतला, मांडी वळली आणि नडगी तिथेच राहिली. 'कट' असा आवाज मैदानाच्या दुसऱ्या खांबापर्यंत ऐकू गेला होता.

डॉ. टेंभेंनी पडद्यावरचा गुडघा थांबवला. "मुलं उंच होतात ती या पट्ट्यांमुळे. इथल्या पेशी विभागतात, जुन्या पेशींचं हाड होतं. पायाची निम्म्याहून जास्त वाढ गुडघ्याभोवतीच होते, वर्षाला साधारण पंधरा मिलिमीटर. आता नवा अस्थिबंध बसवायचा तर हाडाला बोगदा पाडावा लागतो, आणि मोठ्या माणसात तो नेमका इथूनच जातो. मुलांत असा बोगदा पाडला तर पट्टीला इजा होऊन पाय आखूड राहू शकतो किंवा वाकडा वाढतो. म्हणून पूर्वी आम्ही पट्टी चुकवून वळसे घ्यायचो, नाहीतर मूल मोठं होईपर्यंत थांबायचो. थांबलं की सैल गुडघ्यात गाद्या फाटायच्या."

"आणि आता पट्टी झोपवता," हेमलता म्हणाली. तिने रात्रभर वाचून काढलं होतं.

"बरोबर. एक जेल सोडतो आम्ही. त्यानं पेशींचं विभाजन थांबतं आणि पट्टी घट्ट होते. मग तिच्यातून सरळ बोगदा पाडायचा, मुलीच्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा घेऊन अस्थिबंध बसवायचा आणि बोगद्याचं तोंड तिच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून बुजवायचं. दोन्ही पाय सारखे राहावेत म्हणून डावा गुडघाही झोपवतो. सहा महिन्यांनी दुसरं इंजेक्शन. जेल विरघळतं, पट्टी जागी होते. जागी होणारी पट्टी मऊ असते, म्हणून पुढचे अडीच महिने पळणं पूर्ण बंद." त्यांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "एक मात्र लक्षात ठेवा. पट्टीत राखीव पेशी असतात. जास्त दिवस झोपल्या तर त्यांचंही हाड होतं, आणि बोगद्यापाशी त्या मुळातच थोड्या उरतात. त्यामुळे सहा महिन्यांवर फार तर दोन आठवडे. राखीव पेशींचं जरा सविस्तर सांगू का?"

हेमलताला ते नीट कळलं नव्हतं. राखीव पेशी हा शब्द तिने रात्री वाचला होता आणि ओलांडून पुढे गेली होती. विचारायला हवं होतं. पण आता 'कळलं नाही' कसं म्हणणार?

"नको, नको," ती म्हणाली. "लक्षात आलं."

"तुला कळतं ना त्यातलं, मग झालं," भारत बाहेर आल्यावर म्हणाला.

*

शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली. दिवाळीत नंदू पळायला लागली. तिच्या प्रशिक्षकांनी, बोधले सरांनी, पहिले पंधरा दिवस तिला नुसतंच चौकात बसवलं : गुडघे दुमडायचे, खो मिळाला की उठायचं, परत बसायचं. मग एक दिवस त्यांनी तिला खांबापाशी सूर मारायला लावला आणि शिट्टी तोंडातच धरून उभे राहिले.

"मॅडम, इकडं या," त्यांनी फाटकापाशी उभ्या असलेल्या हेमलताला हाक मारली. "पोरीचे हात बघितले का?"

हेमलताने हात पाहिले होते. शाळेच्या कुडत्याच्या बाह्या मनगटाच्या वर सरकल्या होत्या, पायजमा मात्र घोट्याशी जिथल्या तिथे होता. झोप गुडघ्यांना होती. हातांना आणि पाठीला नव्हती.

"पाय आखूड, हात लांब. खो-खोला असं अंग मागून मिळत नाही," बोधले सर म्हणाले. "गुडघापण कसला घट्ट झालाय. राज्याच्या निवड समितीनं हिला एकदा बघू दे, क्रीडा प्रबोधिनीत थेट जागा. मग दहावीपर्यंत तुम्हाला बघायलाच नको."

राज्य स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटी होती आणि नंदूचं दुसरं इंजेक्शन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सगळं जमून आलं होतं. मग निवडणुका लागल्या, ज्या मैदानावर स्पर्धा होती तिथे मतपेट्या आल्या आणि स्पर्धा जानेवारीच्या अखेरीला गेली.

बोधले सर घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "मॅडम, इंजेक्शन जरा लांबवता येतंय का? सात आठवड्यांचा तर प्रश्न आहे. आता घेतलं तर पोरगी स्पर्धेत घरी बसणार."

"डॉक्टर दोन आठवडे म्हणाल्या होत्या."

"डॉक्टर लोक हातचं राखूनच सांगतात. आमच्या दुखण्याला सहा महिने आराम सांगितला होता, आम्ही दोन महिन्यांत मैदानावर होतो." ते हसले. "तुम्ही सायन्सच्या. तुम्हाला आम्ही काय सांगायचं."

ते गेल्यावर हेमलताने हिशेब केला. वर्षाला पंधरा मिलिमीटर म्हणजे सात आठवड्यांना दोन. दोन मिलिमीटर! बुटाचा तळवा त्याहून जाड असतो. आणि झोपलेत दोन्ही गुडघे, म्हणजे जे काही कमी व्हायचं ते दोन्हीकडे सारखंच होणार. भागाकार बरोबर होता. राखीव पेशी त्यात कुठेच नव्हत्या.

नंदू दारात उभी होती. "चालेल का गं आई, उशीर झाला तर?"

"चालेल. मी हिशेब केलाय."

"नक्की?"

"तुझी आई कुठल्या विषयाची बाई आहे?"

नंदू हसली आणि उड्या मारत गेली. दोन्ही पायांवर, सारख्या.

*

रुग्णालय आपणहून तारीख पुढे नेणार नव्हतं, एक कारण सोडून. अंगात ताप असेल तर ते इंजेक्शन देत नव्हते. त्यासाठी त्यांनी एक तापपट्टी दिली होती. कपाळाला चिकटवली की तिचं वाचन थेट पुण्याला, रुग्णालयात जायचं.

भारत तेव्हा कोकणात होता. वादळात पडलेले विजेचे खांब उभे करायला सगळ्या जिल्ह्यांतून माणसं नेली होती. घरात दोघीच. हेमलताने स्टीलच्या पेल्यात चहा ओतला, तापपट्टी पेल्याच्या बाहेरून लावली आणि बघत राहिली. चाळीसच्या वर गेली तेव्हा काढली, फुंकर घातली, जरा थांबून परत लावली. एकोणचाळीस पूर्णांक एक. हे ठीक होतं. याच्यावर कोणी शंका घेतली नसती. शाळेत प्रयोगाच्या तासाला काही मुलं आधी उत्तर बघून मग वाचनं लिहितात. अशी वही ती बरोबर ओळखायची, कारण त्यातली वाचनं फार शहाणी असतात. त्या वहीला ती शून्य द्यायची.

मान वर केली तर समोर नंदू, केसांना तेल लावलेलं, हातात कंगवा.

"आई," तिने विचारलं, "मला ताप आहे का?"

हेमलताने बोटाने गप्प राहण्याची खूण केली, कारण तेवढ्यात फोन लागला होता. "हो सिस्टर, कालपासूनच. खोकलाही आहे."

नंदूने क्षणभर आईकडे पाहिलं. मग तिने खोकून दाखवलं.

ती शहाणी पोर होती. ती दोनदाच खोकली, तिसऱ्यांदा नाही. पुढच्या तारखेला परत ताप आला. त्याच्या पुढच्या तारखेला घसा सुजला. तोपर्यंत आईने चहा ठेवला की नंदू स्वतःच तापपट्टी आणून ओट्यावर ठेवायची.

त्याच आठवड्यात नववीच्या एका मुलाने लंबकाच्या प्रयोगाची वही आणली. दहाही वाचनं सुंदर होती. हेमलताने लाल पेन उचललं.

"खरंच घेतलीस का ही?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "नाही, बाई."

पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं. वर्गातली सगळी मुलं शून्याची वाट पाहत होती. तिने वही मिटली आणि त्याला परत दिली. "पुन्हा घे," एवढंच म्हणाली. मुलगा चकित झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, "बाईंची तब्येत बरी नाय वाटतं." हेमलताचे कान तापले. तापपट्टी लावली असती तर खरं वाचन आलं असतं.

*

नंदूने राज्य स्पर्धेत उपांत्य सामन्यात तीन मिनिटं दहा सेकंद संरक्षण केलं. पाठलाग करताना खांबापाशी तिने मारलेला सूर लोकांनी उभं राहून पाहिला. तिचा तो लांब हात पळणारीच्या टाचेपर्यंत गेला. संघाला रौप्यपदक मिळालं. निवड समितीच्या बाईंनी नंदूचं नाव दोनदा विचारलं. बोधले सरांनी पेढे वाटले आणि भारतने सुट्टी काढून, पहिल्या रांगेत बसून, आवाज बसेपर्यंत ओरडून घेतलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी दुसरं इंजेक्शन झालं.

ऑगस्टमध्ये तपासणी होती. पडद्यावर आता दोन गुडघे होते. डॉ. टेंभे दोन्ही आलटून पालटून बघत होत्या.

"डावा छान जागा झालाय, झोपेची कसर दुप्पट वेगानं भरून काढतोय," शेवटी त्या म्हणाल्या. "उजवा अर्धाच. बोगद्याच्या बाहेरच्या बाजूला पट्टीचं हाड झालंय, आतली बाजू वाढतेय. त्यामुळे उजवा पाय आत्ताच नऊ मिलिमीटर आखूड आहे आणि गुडघा आत झुकायला लागलाय. दोन अंश. असंच चाललं तर वाढ संपेपर्यंत फरक दोन सेंटिमीटरच्या वर जाईल आणि गुडघा आणखी झुकेल. नव्या अस्थिबंधाला तो ताण झेपणार नाही."

भारतने खुर्चीची कड धरली. "पण सगळं वेळेवर केलं ना आम्ही? तापामुळे जरा उशीर झाला तेवढाच."

"मी तिथंच येतेय." डॉ. टेंभेंनी नंदूच्या नोंदी उघडल्या. "तीन वेळा ताप, आठ आठवड्यांत. म्हणजे अंगात मुरलेला संसर्ग असणार. त्याने पट्टीत दाह होऊन पेशी दबल्या असाव्यात. तसं असेल तर ही चांगली बातमी आहे, कारण पेशी अजून जिवंत असतील. दाह कमी करायची औषधं जोरात देऊ, चार-पाच महिने. औषध कडक आहे, पोटाला त्रास होतो, हाडं थोडी ठिसूळ होतात. पण संधी आहे. आणि बाकीच्या केंद्रांनाही कळवते, की झोपेच्या काळात ताप आला तर मुलांना लगेच हे औषध सुरू करा."

त्या टंकायला लागल्या.

हेमलताला सगळं कळत होतं. यावेळी एकही शब्द ओलांडून गेला नव्हता. पेशी दबल्या नव्हत्या, त्यांचं हाड झालं होतं. औषध नंदूच्या पोटात जाईल आणि काहीही जागं होणार नाही. आणि नंदूच का, जिथे जिथे एखाद्या मुलाला खरोखर ताप येईल तिथे तिथे ते दिलं जाईल. तिला बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं. पण एका बाजूला भारत होता, समोर डॉ. टेंभे, आणि त्या दोघांनाही ती अजून विज्ञानाची बाई होती. हे वाक्य बोललं की ती कोण उरणार, हे तिला दिसत होतं. आणखी एक क्षण, तिला वाटलं. त्यांचं टंकणं होऊ दे.

"ताप नव्हता," नंदू म्हणाली.

डॉ. टेंभेंची बोटं थांबली. "काय, बाळा?"

"चहा होता. तापपट्टी पेल्याला लावली होती." तिने आईकडे पाहिलं नाही. "खोकले होते मात्र मी."

भारत आधी नंदूकडे, मग हेमलताकडे बघत होता. एखाद्या तारेत वीज आहे की नाही हे न कळल्यावर तो असाच बघायचा.

"खरं आहे," हेमलता म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाही लांबून आल्यासारखा वाटला. "स्पर्धा होती. मी हिशेब केला होता. राखीव पेशींचं मला तेव्हा कळलंच नव्हतं. तुम्ही समजावून सांगत होतात. मी नको म्हटलं."

डॉ. टेंभे रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर हेमलताला बरं वाटलं असतं. त्यांनी टंकलेलं सगळं पुसलं आणि खुर्ची नंदूकडे वळवली. यापुढे त्या तिच्याशीच बोलत राहिल्या.

"मग औषधाचा उपयोग नाही. दोन रस्ते आहेत. डावा पाय वाढू द्यायचा आणि मोठी झालीस की उजव्याचं हाड कापून, रोज थोडं थोडं ताणून लांब करायचं. वर्ष जाईल त्यात. तोपर्यंत खेळ नाही आणि गुडघ्याची खात्री मी देणार नाही. नाहीतर दोन्ही गुडघे आत्ताच कायमचे झोपवायचे. आहे तो फरक तेवढाच राहील, झुकणं थांबेल. पाय मात्र इथून पुढे वाढणार नाहीत. पाठ थोडी वाढेल."

"मी केवढी झाले असते?" नंदूने विचारलं.

"अंदाजे एकशे अठ्ठावन्न."

"आणि आता?"

"दुसरा रस्ता घेतलास तर एकशे बावन्नच्या आसपास."

नंदूने बोटांवर काहीतरी मोजलं. "झोपवा," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळून, "बाबा, चालेल ना?"

तिने आईला विचारलं नाही.

*

परतीच्या बसमध्ये नंदू खिडकीला डोकं टेकून झोपली. टेंभुर्णी मागे पडल्यावर भारत हेमलताकडे वळला.

"मला विचारलं नाहीस म्हणून नाही म्हणत मी," तो हळू म्हणाला. "मला काय कळलं असतं त्यातलं. पण तापाचं तरी सांगायचंस. कोकणात खांबावरून उतरलो की रोज फोन करायचो मी पोरीला. कसं वाटतंय, काढा घेतला का. ती म्हणायची, बाबा, आज जरा बरं आहे." त्याने नंदूच्या गुडघ्यावरची ओढणी सारखी केली. "बारा वर्षांची पोर. रोज बरी होत होती माझ्यासाठी."

हेमलता समोरच्या आसनाच्या पाठीकडे बघत राहिली.

प्रबोधिनीचं निवडीचं पत्र आलं तेव्हा नंदूच्या दोन्ही गुडघ्यांना नवी पट्टी बांधलेली होती. बोधले सर भेटायला आले. हेमलताने चहा ठेवते म्हटल्यावर नंदू म्हणाली, "सर पाणी घेतील." सरांनी पाणी घेतलं.

*

पुढच्या जूनमध्ये शाळेत उंची-वजनं घ्यायचे दिवस आले. दर वर्षी हे काम हेमलताकडे असायचं. मुलं भिंतीला टाचा लावून उभी राहायची, चवड्यांवर उंच व्हायची, ती त्यांच्या घोट्यावर पट्टीने टिचकी मारायची आणि सगळे हसायचे. या वर्षी तिने मुख्याध्यापकांकडे जाऊन नंदूचा वर्ग दुसऱ्या बाईंना द्यायला सांगितलं.

मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत एकटी होती तेव्हा दार वाजलं. नंदू. हातात शिवणाच्या वर्गातली मापाची फीत. आता तिच्या बुटात उजव्या टाचेखाली एक पातळ थर असायचा. तो चालताना दिसत नव्हता, ज्याला माहीत आहे त्यालाच दिसायचा.

"माझी मापं राहिलीत," ती म्हणाली.

"अगं, त्या बाई घेतील ना."

"उंची घेतली त्यांनी. एकशे एक्कावन्न पूर्णांक सहा." तिने बूट काढले, मोजे काढले आणि प्रयोगाच्या लांब टेबलावर उताणी झोपली. "पाय राहिलेत. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी घरी मोजायला सांगितलं होतं. बाबांना कंबरेचं हाड सापडत नाही."

हेमलता जागची हलली नाही.

"तूच घे," नंदू छताकडे बघत म्हणाली. "पण नीट घे. तीनदा."

हेमलताने फीत घेतली. तिचे हात थंड होते. नंदू जरा शहारली. कंबरेच्या पुढच्या टोकाचं हाड, तिथून आतल्या घोट्यापर्यंत. वाचन घेताना डोळा खुणेच्या बरोबर वर हवा, तिरका नको, हे ती वीस वर्षं मुलांना सांगत आली होती. ती वाकली. पहिल्यांदा मोजलं, फीत काढली, पुन्हा लावली. तिन्ही वेळा. मग दुसरा पाय, तिन्ही वेळा. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"सांग," नंदू म्हणाली.

"डावा, एकोणऐंशी पूर्णांक तीन सेंटिमीटर. उजवा, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार."